नात्यातले जखमी

युद्ध सुरू झालं आणि गावातल्या प्रतिष्ठित पुरुषांनी ताबडतोब कंबर कसली. म्हणजे काय केलं, तर समिती काढली. लढायला जायचं वय त्यांच्यातल्या एकाचंही राहिलं नव्हतं, पण समितीत बसायचं वय सगळ्यांचंच झालं होतं. अध्यक्ष कोणाला करायचं यावर फारसा वाद झाला नाही. चौकातल्या फर्निचरच्या दुकानाचे मालक अध्यक्ष झाले, कारण सभेच्या खुर्च्या त्यांच्या दुकानातून आल्या होत्या आणि सभा मोडल्यावर त्या परत न्यायच्या होत्या.

माझं पार्लर इस्पितळाच्या बरोबर समोर. भुवया कोरणं, केस रंगवणं आणि कोण कोणाबद्दल काय म्हणालं ते नीट जपून ठेवून योग्य माणसाला योग्य वेळी सांगणं, हा माझा धंदा. तिसरं काम मी फुकट करते. 

समितीने बायकांनाही देशकार्यात घेतलं. आम्ही बँडेज गुंडाळायचं. समितीच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून आम्ही दुपारभर बँडेज गुंडाळायचो, कपाटात रचायचो, कपाट भरलं की फोटोवाला यायचा. फोटोत अध्यक्ष कपाटाकडे असे बघायचे की जणू कापूस त्यांनीच पिकवला. समोर इस्पितळात माणसं विव्हळत पडलेली, आणि ते बँडेज बांधायला तिथे कोणी नाही. गुंडाळायला आम्ही सगळ्या, सोडायला एकही नाही, असं ते देशकार्य.

हे मला कळलं ते इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरांकडून. त्या माझ्याकडे केस रंगवायला येत. डोक्याला रंग लावलेल्या माणसाकडून सगळं काढून घेता येतं, कारण त्याला उठून पळता येत नाही.

"माझ्या सगळ्या पोरी पुढे लढाईकडे पाठवल्या," त्या आरशात बघत म्हणाल्या. "वॉर्ड भरलाय नि मी एकटी. मला हात हवेत."

"कसले हात?"

"कसलेही. माणसाला जोडलेले असले की झालं."

बाकावर अध्यक्षांची सून नंबर लावून बसली होती. तिला सगळं गाव सूनबाई म्हणे. लग्नाआधी ती नर्सिंग शिकत होती. दोन वर्षं झाली, तिसरं लागणार तेवढ्यात स्थळ आलं, आणि स्थळाची अट अशी की मुलगी शिकलेली हवी पण शिकलेलं वापरणारी नको. नवरा दुसऱ्या शहरात सरकारी गोदामावर. फोनवर त्याचं एकच वाक्य: "बाबांना विचार."

"मी येऊ?" सूनबाईने विचारलं. आवाज इतका बारीक की मला वाटलं पंखा कुरकुरला.

मोठ्या सिस्टरांनी रंगासकट मान वळवली. माझा नवा टॉवेल गेला. "दोन वर्षं झालेली आहेत ना तुझी? ये. आणि ऐक, एक फिरतं रुग्णालय निघणार आहे. मोठ्या गाड्या, आत ऑपरेशनची सोय, लढाईच्या जवळ जाऊन उभं राहायचं. माझ्या वॉर्डात जी नीट काम करेल तिचं नाव मी सुचवणार. फक्त घरातलं वडीलधारं माणूस मोठ्या डॉक्टरांसमोर येऊन हो म्हणालं पाहिजे, असा वरून हुकूम आहे."

सूनबाईच्या हातातलं मासिक उलटं होतं. तिने ते सरळ केलं, मग पुन्हा उलटं केलं आणि वाचत बसली. मी धंद्यात केस पिकवलेत, म्हणजे दुसऱ्यांचे काळे केलेत, पण एखाद्या बाईला एवढं काही हवं असलेलं मी क्वचितच पाहिलंय. नवीन हेअरस्टाइल तर तिला नक्कीच नको होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी वॉर्डात हजर. मी, सूनबाई आणि गणिताच्या बाई. गणिताच्या बाई म्हणजे गावातल्या निम्म्या पुरुषांना नापास केलेल्या आणि उरलेल्यांना वर्गाबाहेर उभं केलेल्या. आता निवृत्त होत्या, पण त्या रस्त्याने येताना दिसल्या की समितीतले लोक अजून खिशातले हात बाहेर काढायचे.

सांगायचं म्हणजे, काम घाण होतं. रक्त, पू, बेडपॅन, ओकारी. पहिल्या दिवशी मी दोनदा बाहेर जाऊन आले. गणिताच्या बाई एकदाच गेल्या आणि आल्यावर म्हणाल्या, "चष्मा पुसत होते." सूनबाई मात्र गेलीच नाही. घरी डोळे वर न उचलणारी ही पोरगी इथे एका आडदांड शिपायाला म्हणत होती, "ओरडायचं तर ओरडा, पण हलायचं नाही. हललात तर परत पहिल्यापासून!" आणि तो बिचारा अंगठा तोंडात धरून गप्प.

संध्याकाळपर्यंत बातमी चौकात. रात्र व्हायच्या आत सभा.

सभेत अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "परपुरुषाला स्पर्श! कोणाचा पाय, कोणाची पाठ! आपल्या घरच्या बायकांनी?"

मागून मी म्हटलं, "पाठ गोळी लागलेली आहे हो. बिनगोळीची आम्ही बघतसुद्धा नाही."

"तुम्ही गप्प बसा. तुमचा धंदाच निराळा."

"हो ना. तुमच्या मिश्या मीच काळ्या करून देते ते कोणाला कळू नये म्हणून मी गप्पच असते."

हॉलमध्ये खोकल्याची साथ आली. अध्यक्षांचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यावरून परतला. पण माणूस हट्टी. त्यांनी ठराव मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला: स्त्रियांनी केवळ नात्यातल्या जखमींची सेवा करावी. इस्पितळाच्या खाटा अध्यक्षांच्या दुकानातून फुकट आल्या होत्या, त्यामुळे मोठ्या डॉक्टरांनीही मान डोलावली. त्या माणसाचा स्वभाव वाईट नव्हता. त्याला फक्त रोगी जमिनीवर झोपवायचे नव्हते.

सूनबाई घरी गेली ती मान खाली घालून. मी मात्र रस्ताभर एकटीच हसत होते. आमच्या ह्यांनी विचारलं, "काय झालं? ठराव तुमच्या विरुद्ध गेला ना?"

"गेला ना! पण काय शब्द घातलाय माहितेय? नात्यातले!"

"मग?"

"मग काही नाही. तुमचे मेहुणे वाढणारेत, तयार राहा."

समितीने इस्पितळाच्या फाटकावर आपले चिटणीस बसवले, अर्थातच घडीच्या खुर्चीवर. येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायचं: आत तुमचं कोण? पहिली रुग्णगाडी आली तेव्हा मी आणि सूनबाई फाटकातच उभ्या. स्ट्रेचरवर एक झुपकेदार मिशीवाला. पाय फुटलेला, अंगभर माती, पण शुद्धीवर.

"हा कोण तुमचा?" चिटणीसांनी विचारलं.

"माझा नाही," मी म्हटलं. "हिचा. चुलत नंदावा."

सूनबाई पांढरीफटक. चिटणीसांनी डोळे बारीक केले. "नाव काय याचं?"

"घरात सगळे सोन्याच म्हणतात."

चिटणीस त्या मिशीकडे बघत राहिले. मिशीवाल्याने एक डोळा उघडला, मला पाहिलं, सूनबाईला पाहिलं, चिटणीसांना पाहिलं. युद्धात शिपायाला एक गोष्ट पक्की शिकवतात: फाटकावर प्रश्न विचारणारा माणूस आपल्या बाजूचा नसतो. तो क्षीण आवाजात म्हणाला, "वहिनी, घरी सगळे बरे ना? काका काय म्हणतात?"

"बरे आहेत," सूनबाई म्हणाली. आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि काय सहज आलं! "तुम्ही बोलू नका, दमाल. चला, आत घ्या."

तिथून मग धडाकाच लागला. मावसभाऊ आले, आतेभाऊ आले, मामेसासरे आले, एकजण तर माझा सख्खा चुलत चुलता आला, माझ्याहून निम्म्या वयाचा. "आमच्या आजोबांनी उशिरापर्यंत संसार केला," मी सांगितलं. चिटणीस विचारायचे, "हा?" मी म्हणायची, "दीर." "आणि हा?" "ह्याचं अजून जुळवतेय, आधी आत तर जाऊ द्या, रक्त तुमच्या बुटावर पडतंय." चिटणीस टुणकन बाजूला व्हायचे. त्यांना रक्त बघवत नसे. रक्ताच्या नात्यावर पहारा द्यायला समितीने माणूस मात्र नेमका निवडला होता.

खरी पंचाईत गणिताच्या बाईंची झाली. "मी खोटं बोलणार नाही," त्यांनी जाहीर केलं. "जन्मात बोलले नाही."

"अहो बाई, पण नियम..."

"खोटं बोलणार नाही म्हटलं, काम करणार नाही असं नाही म्हटलं. नातं सिद्ध करीन."

आणि त्या खरंच प्रत्येक खाटेशी स्टूल ओढून बसायच्या. एका हाताने पेज भरवायच्या, दुसऱ्या हाताने बोटं मोजायच्या. "तुझ्या आईचं माहेर? तिच्या आईचं? तिच्या आईच्या आईचं? माहीत नाही? छान. माझ्याही पणजीच्या आईचं मला माहीत नाही. म्हणजे ती बाई एकच असू शकते. नसल्याचा पुरावा आहे का तुझ्याकडे?"

शिपाई तोंडातली पेज गिळून म्हणायचा, "नाही बाई."

"मग झालं. दोन घराण्यांचा लसावि काढत गेलं की कुठेतरी एकत्र येतातच. आ कर."

माझ्या बाजूने जमलेल्यांनी आमच्या ह्यांना भावोजी म्हणायला सुरुवात केली. हे वैतागून मला म्हणाले, "लग्नात एकही मेहुणा नव्हता म्हणून मी तुला होकार दिला होता."

आता गंमत बघा. मी किंवा गणिताच्या बाई कोणाला नात्यात घेतलं तर ओझं आमच्यावर. पण सूनबाईची नाती सासरकडून. तिचा चुलत दीर म्हणजे अध्यक्षांचा पुतण्या. तिचा चुलत नंदावा म्हणजे त्यांच्या पुतणीचा नवरा. ती दिवसभर खपत होती आणि अध्यक्षांचं घराणं तिकडे वाढत होतं. बरे झालेले शिपाई कुबड्या टेकत चौकात फिरायला निघाले की दुकानापाशी थांबून हाक मारायचे, "काका, ओळखलंत का?"

पहिले काही दिवस अध्यक्ष खूष. त्यांना वाटलं ही आपली लोकप्रियता. फोटोवाल्याला बोलावून दोघा-तिघांबरोबर त्यांनी फोटो काढून घेतले. मग ते शिपाई दुकानातल्या खुर्च्यांवर बसू लागले. मग दुकानातल्या पलंगावर आडवे होऊ लागले. एकाने सागवानी आरामखुर्चीत पाय पसरून विचारलं, "काका, घरातल्यांना काय भाव लावता?" तेव्हा अध्यक्षांच्या डोक्यात काहीतरी खटकलं.

पण त्याआधी एक झालं, ते सांगायला हवं.

वॉर्डात खिडकीपाशी एक पोरगेलासा शिपाई होता. पोटात जखम. तो सूनबाईचा चुलत दीर. हे नातं त्याला इतकं आवडलं होतं की तो सारखी हाक मारायचा, पाणी नको असलं तरी. "वहिनी, तुमच्याकडे कुत्रा आहे का? वहिनी, दादा चिडतो का हो?" ज्या नवऱ्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि ज्याला हिनेही फारसं पाहिलं नव्हतं, त्याच्या तक्रारी ती दोघं गुपचूप करायची. एका दुपारी तो गेला. मोठे डॉक्टर आले, मनगट धरून उभे राहिले आणि सवयीने विचारलं, "नात्यातलं कोणी आहे?"

"मी," सूनबाई म्हणाली. "मी त्याची वहिनी."

हे सगळं थोतांड मोठ्या डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते एकदा इकडेतिकडे बघतील, हसतील, असं मला वाटलं. पण ते तिच्याकडे वळले आणि घरच्यांना सांगतात तसंच हळू आवाजात म्हणाले, "आम्ही खूप प्रयत्न केला हो." सूनबाईने मान हलवली. मग तिने त्याचं तोंड पुसलं, केस सारखे केले. मी कंगवा दिला. माझ्याकडे असतोच.

त्याच आठवड्यात फिरत्या रुग्णालयाच्या गाड्या इस्पितळाच्या मागच्या मैदानात येऊन लागल्या. मोठ्या सिस्टरांनी सूनबाईचं नाव सुचवलं. "आता फक्त वडीलधाऱ्यांचा होकार," त्या म्हणाल्या. "परवा सकाळी गाड्या निघणार."

"बाबा हो म्हणणार नाहीत," सूनबाई म्हणाली. "मी विचारलं तर इथलंही बंद होईल."

विचारायची वेळच आली नाही. त्याच दुपारी अध्यक्ष आख्ख्या समितीला घेऊन वॉर्डात तपासणीला आले. आरामखुर्चीवाल्याने घोळ घातला होता. सोबत अध्यक्षीणबाई, हातात बिस्किटांचा डबा. जखमींना बिस्किटं देतानाचा त्यांचा फोटो काढायचा होता. या बाई समितीच्या प्रत्येक कार्यक्रमाला यायच्या, डबा धरायच्या आणि परत जायच्या. मी त्यांच्या भुवया किती वर्षं कोरतेय, पण त्यांच्या तोंडून "थोड्या बारीक" यापलीकडे काही ऐकलं नव्हतं.

अध्यक्ष पहिल्या खाटेपाशी थांबले. नेमका मिशीवाला.

"माझ्या सुनेचे तुम्ही कोण?"

मिशीवाल्याला आम्ही शंभर वेळा घोकून घेतलं होतं. पण समोर एवढी माणसं, शिवाय नुकतंच इंजेक्शन दिलेलं. त्याने एकच शब्द गाळला.

"नंदावा," तो ऐटीत म्हणाला.

अध्यक्षांनी मनात हिशोब केला. चेहरा आधी लाल, मग जांभळा. "म्हणजे माझा जावई?"

"तर काय!"

"अहो, मला मुलगीच नाही!"

वॉर्डात सुई पडली असती तर ऐकू आली असती, आणि सुया तिथे भरपूर होत्या. मी डोळ्यांनी 'चुलत, चुलत' असं ओरडत होते. मिशीवाल्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "म्हणूनच तर आमचं काही पटत नाही."

सगळा वॉर्ड फुटला. टाके घातलेले लोक पोट धरून "नको नको, दुखतंय" म्हणत हसत होते. अध्यक्ष खाटेवर हात आपटत ओरडले, "फसवणूक! या क्षणापासून एकही बाई या वॉर्डात दिसता कामा नये! आणि तू," ते सूनबाईकडे वळले, "चल घरी. पुन्हा उंबरठा ओलांडलास तर बघ."

सूनबाईच्या हातात चिमट्यात धरलेला कापूस होता. ती हलली नाही. हलता येत नव्हतं, पट्टी अर्धी सुटलेली होती.

"थांबा," गणिताच्या बाई म्हणाल्या. समितीतल्या चौघांनी खिशातले हात बाहेर काढले. "त्याने 'चुलत' गाळलं. चुलत नंदावा. आता हे खोटं आहे असं तुमचं म्हणणं. सिद्ध करा."

"मला माझं घराणं माहीत आहे! सात पिढ्यांची नावं तोंडपाठ आहेत."

"म्हणा."

अध्यक्षांनी घडाघडा म्हटली. बाप, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा आणि त्यांच्याही वरचे. समितीने माना डोलावल्या.

"छान. आता बायका म्हणा."

"म्हणजे?"

"या सगळ्यांना कोणीतरी जन्म दिला असेल ना? का खुर्चीसारखे ठोकून काढले? तुमच्या पणजीचं माहेरचं आडनाव काय?"

अध्यक्षांनी तोंड उघडलं. तसंच ठेवलं.

"सोपं देते. आजीला बहिणी किती होत्या? कुठे दिल्या? त्यांच्या मुली कुठे दिल्या?"

"ते... त्या काळी..."

"चिटणीस, तुम्ही सांगा तुमच्या पणजीचं." चिटणीस बुटाकडे बघू लागले. "तुम्ही? तुम्ही? उभे राहा. तुम्हीपण नाही?" बाईंनी चष्मा काढला. "निम्मं घराणं तुम्हाला माहीतच नाही. मग त्या निम्म्यातून कोण निघालं, कोण नाही, ते कुठल्या तोंडाने सांगता? हा तुमच्या आजीच्या बहिणीच्या मुलीचा जावई नाही, हे एकाने तरी मला पटवून द्यावं. मी आत्ता घरी जाते."

आख्खी समिती नापास. पुन्हा एकदा, त्याच बाईंकडून.

अध्यक्षांनी घाम पुसला आणि बुडत्याने धरावी तशी बायकोची बाही धरली. "तू सांग. तुला सगळं माहीत असतं ना, कोण कोणाचं ते. सांग यांना की यातलं कोणी आपलं नाही."

ही बाई एक शब्द बोलली की संपलं. सूनबाई सासूकडे बघत नव्हती, कापसाकडे बघत होती.

अध्यक्षीणबाईंनी बिस्किटांचा डबा चिटणीसांच्या हातात दिला. मिशीवाल्याच्या जवळ गेल्या, वाकून त्याचा चेहरा नीट पाहिला आणि म्हणाल्या, "अगं बाई! हा तर माझ्या मावशीच्या जावेच्या नातीला दिलेला. नाक बघा ना."

"कोणाला दिलेला?" अध्यक्ष.

"तुम्ही नव्हता आलात लग्नाला. तुम्हाला सभा होती." त्या पुढच्या खाटेपाशी गेल्या. "हा माझ्या आईच्या मामेबहिणीचा. त्यांच्याकडे सगळ्यांचेच कान असे. आणि हा तर आपल्या पलीकडच्या आत्यांच्या नणंदेचा धाकटा. कसा आहेस रे? केवढा होतास!" तो धाकटा चांगला दाढीवाला होता, पण त्याने लाजून "बरा आहे, मावशी," असं म्हटलं.

मी आयुष्यभर लोकांना टोप्या घातल्या. त्या दिवशी मला माझा गुरू भेटला. बाई एक खाट सोडत नव्हत्या. आम्ही ज्यांचं अजून जुळवलं नव्हतं त्यांनाही त्यांनी नातं दिलं. एकजण परवाच आलेला, डोळ्यांवर पट्टी. त्याला म्हणाल्या, "तुला दिसत नाही, पण मी तुझी मामी."

"अहो, काय चालवलंय काय!" अध्यक्ष ओरडले.

त्या वळल्या. "माझी आजी कोण, तिच्या बहिणी कोण, हे या घरात आल्यापासून मला एकाने विचारलं नव्हतं. आज विचारलंत, म्हणून सांगतेय. ऐकून तरी घ्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "याच आठवड्यात एक दिवस ही घरी आली नि जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, चुलत दीर गेला. मी म्हटलं, आपल्यातला चुलत दीर गेला नि मला कोणी कळवलं नाही? मग रात्रीची ती माझ्यापाशी बसून त्याच्याबद्दल सांगत होती. तुमच्या सख्ख्या भावाचं दिवसकार्य मी उरकलंय, पण इतकं कोणी रडलेलं नाही पाहिलं. नातं आणखी कसं असतं?"

चिटणीसांनी गोंधळून एक बिस्कीट खाल्लं.

अध्यक्षांनी शेवटची सोंगटी टाकली. "बरं. इथले आपले. पण ती फिरत्या रुग्णालयात जाणार म्हणे! तिथे कोण आहे आपलं?"

"ते तिथे गेल्याशिवाय कसं कळणार?" बाई म्हणाल्या. "इथून मला नाक दिसत नाही."

आणि त्या थेट मोठ्या डॉक्टरांपाशी गेल्या. "डॉक्टर, घरातलं वडीलधारं माणूस हवं होतं ना? मी आहे. तिला न्या."

"वडीलधारं म्हणजे मी!" अध्यक्ष म्हणाले.

"हुकमात 'माणूस' म्हटलंय," मोठे डॉक्टर म्हणाले. चेहरा अगदी गंभीर. "बाई माणूस नाही असं समितीचं म्हणणं असेल, तर तसा ठराव करून आणा. मी भिंतीवर लावतो."

समितीने एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला संध्याकाळी घरीच जेवायला जायचं होतं. ठराव कोणी मांडला नाही.

सूनबाईने एवढ्या वेळात पहिल्यांदा सासूकडे पाहिलं. मग खाली बसून अर्धी राहिलेली पट्टी पूर्ण केली.

ठरलेल्या सकाळी गाड्या निघाल्या तेव्हा मैदानात अध्यक्ष सगळ्यांच्या आधी हजर. नवा कोट, काळीभोर मिशी. भाषण तयार. हरलेला पुढारी आणि सुटलेली गाडी यांत फरक असा की पुढारी लगेच वळून गाडीच्या पुढे उभा राहतो. "माझ्या घराण्याने," त्यांनी सुरुवात केली, "स्त्रियांना नेहमीच पुढे केलं आहे. सेवेला नातं नसतं, हे मी पहिल्यापासून सांगत आलो..."

सूनबाई शेवटच्या गाडीत मागे उभी होती. केस मी कापून दिले होते, अगदी कानापर्यंत. तिचं लक्ष भाषणाकडे नव्हतं. ती गर्दीत सासूला शोधत होती. सासू नव्हती. इंजिन सुरू झालं, गाडी हलली, आणि तेवढ्यात वॉर्डाच्या मागच्या दारातून अध्यक्षीणबाई बाहेर आल्या, माझा ॲप्रन घातलेला, हातात बेडपॅन, झाकलेला.

"आई!" सूनबाई ओरडली. "तुम्ही ज्याच्या मामी झालात त्या भाच्याकडे बघा हो! डोळ्यांची पट्टी उद्या काढायची, उजेड हळूहळू करा!"

"कळलं गं! तू बस आधी, पडशील!"

गाडी फाटकाबाहेर वळली. बाई जरा वेळ तिथेच उभ्या राहिल्या, धूळ खाली बसेपर्यंत. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे कुठे ओतायचं?"

मी दाखवलं. मैदानात अध्यक्ष अजून घराण्याच्या चौथ्या पिढीत होते.